सुपरहिरोंचे शो आम्ही का कमी केले

प्रश्न असा आला आहे: "२०१९ मध्ये 'एंडगेम'चा रात्री तीनचा शो बघायला आम्ही कॉलेजातले अकरा जण तीन रिक्षा करून गेलो होतो. आज त्याच अकरा जणांच्या ग्रुपवर मार्व्हलच्या नव्या सिनेमाचा विषयसुद्धा निघत नाही. आम्ही मोठे झालो, सिनेमे वाईट झाले, की ओटीटीने घात केला?"

तिन्ही कारणं थोडी थोडी खरी आहेत. पण माझ्या मते मोठं कारण चौथंच आहे आणि ते तुमच्या प्रश्नातच दडलंय. तिथे येतो. आधी मी कुठल्या खुर्चीतून बोलतोय ते सांगतो. मी सिनेमे बनवत नाही, त्यांची परीक्षणंही लिहीत नाही. कोणत्या पडद्यावर कोणता सिनेमा, किती वाजता, दिवसाला किती शो, हे ठरवण्याचं काम करतो. धंद्यात त्याला प्रोग्रामिंग म्हणतात. सुरुवात नाशिकला एका सिंगल स्क्रीनच्या तिकीट खिडकीवर झाली. आता ठाणे, कल्याण, नाशिक या पट्ट्यातले तीसेक पडदे माझ्याकडे आहेत. सोमवार ते बुधवार डिस्ट्रिब्युटरांशी भांडायचं आणि शुक्रवारी आपण कुठे चुकलो ते बघायचं, असा माझा आठवडा.

'एंडगेम', म्हणजे अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीच्या सुपरहिरोंचा सिनेमा, २६ एप्रिल २०१९ ला लागला. त्या आठवड्यात मी घरी फक्त अंघोळीला जात होतो. मध्यरात्रीचा शो लावला, भरला. पहाटे तीनचा लावला, तोही भरला. सोमवारी, २९ तारखेला, आमच्या सगळ्या पट्ट्यात लोकसभेचं मतदान होतं आणि बोटाला शाई लावून लोक थेट थिएटरात येत होते. एरवी सोमवार म्हणजे आमच्या धंद्याचा उपासाचा दिवस. ठाण्याच्या लॉबीत आम्ही हाताने लिहून बोर्ड लावला होता: 'बाहेर आल्यावर शेवट सांगू नये.' पहाटे सहाला तीनचा शो सुटला. विशी-पंचविशीतली पोरं डोळे पुसत, तोंडातून चकार शब्द न काढता, जिना उतरत होती. आमचा सिक्युरिटीवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, आत कोण गेलं?"

खरंच कोणीतरी गेलं होतं, आणि माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. 'आयर्न मॅन' आला २००८ मध्ये. तिथून अकरा वर्षं, बावीस सिनेमे, आणि बाविसाव्यात तोच आयर्न मॅन मेला. कंपनीने हा सिनेमा शेवट म्हणून विकला आणि लोकांनी तो शेवट म्हणूनच घेतला. भारतात साडेतीनशे कोटींच्या पुढे धंदा झाला, जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर. कीर्तनात बुवांचा पूर्वरंग झाला, उत्तररंग झाला, आरती झाली, बुक्का लावला की माणसं चपला शोधायला लागतात. त्या वेळी बुवांनी पुन्हा वीणा गळ्यात घालून पूर्वरंग धरला तर बुवा कितीही गोड गळ्याचे असोत, मंडप रिकामा होणारच. कीर्तनाचा कंटाळा आलेला नसतो हो, कीर्तन झालेलं असतं. हेच माझं चौथं कारण.

मार्व्हलने आरतीनंतर पूर्वरंग धरला. आणि तो आधीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने.

२००८ ते २०१२ या पाच वर्षांत त्यांचे सहा सिनेमे आले होते. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत सात सिनेमे आणि वर आठ मालिका आल्या. मार्व्हलची मालक कंपनी डिस्ने, तिचं ओटीटी नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं होतं, त्याचं पोट भरायचं होतं. पुढे डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच कबूल केलं की या भाराभर उत्पादनाने लक्ष विखुरलं. मे २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे वर्षाला दोन, फार तर तीन सिनेमे आणि दोनच मालिका. धंद्यातला माणूस स्वतःहून माल कमी करतो तेव्हा गोदामात काय चाललंय ते समजून घ्यावं.

आकडे बघा. २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'ने जगभरात ११३ कोटी डॉलर केले होते. त्याचा पुढचा भाग 'द मार्व्हल्स' नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि २०.६ कोटींवर आटोपला. मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी, तिचंही तेच. पहिल्या 'अ‍ॅक्वामॅन'चे ११५ कोटी, दुसऱ्याचे ४४ कोटींच्या घरात. 'द फ्लॅश' २७ कोटी. 'जोकर'ची गोष्ट तर धंद्याच्या शाळेत शिकवावी अशी आहे. २०१९ चा पहिला भाग सुपरहिरोंच्या मानाने चिल्लर खर्चात, सहा-सात कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्याने १०० कोटी ओलांडले. २०२४ च्या दुसऱ्या भागावर जवळपास तिप्पट खर्च झाला आणि कमाई झाली पहिल्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी. २०२५ मध्ये मार्व्हलचे तीन सिनेमे आले. त्यांपैकी नव्या 'कॅप्टन अमेरिका'ने ४१ कोटींच्या आसपास केले, 'थंडरबोल्ट्स'ने ३८ आणि 'फँटॅस्टिक फोर'ने ५२. यांतला 'थंडरबोल्ट्स' मला स्वतःला आवडला होता. आवडून काय उपयोग, दुसऱ्या आठवड्यात मीच त्याचे शो निम्म्यावर आणले.

दुसऱ्या आठवड्याचं एवढं काय, असं वाटेल. थिएटरवाल्याचा सगळा संसार त्याच्यावरच असतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला होता. तो मिटला तेव्हा हिंदी सिनेमांसाठी वाटणीचं एक सूत्र ठरलं. पहिल्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरला निम्मं, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, चौथ्यापासून तीस. विदेशी सिनेमांचे करार निरनिराळे, पण आठवड्यागणिक वाटा उतरायची रीत साधारण तीच. म्हणजे सिनेमा जितका जास्त दिवस चालेल तितका आमचा हिस्सा वाढतो. पहिल्या तीन दिवसांत सगळं उकळून चौथ्या दिवशी झोपणारा सिनेमा स्टुडिओला कदाचित परवडेल, आम्हाला नाही. अमेरिकेत 'द मार्व्हल्स'चं कलेक्शन पहिल्या वीकेंडपेक्षा दुसऱ्या वीकेंडला ७८ टक्क्यांनी पडलं, 'द फ्लॅश'चं ७३ टक्क्यांनी, तिसऱ्या 'अँटमॅन'चं ७० टक्क्यांनी. आमच्याकडे त्याच आठवड्यांचे शेड्यूल काढून बघितले तर वेगळं चित्र नाही. शुक्रवारी दिवसाला नऊ शो, पुढच्या शुक्रवारी दोन, आणि त्यातला एक सकाळी साडेनऊचा. सकाळी साडेनऊला सिनेमा लावणं म्हणजे आमच्याकडे पाहुण्याला 'निघताय का?' असं विचारणं.

शुक्रवारी येणारे कोण असतात? पक्के भक्त. ते येणारच. खेळ ठरतो सोमवारी येणाऱ्या माणसावर, ज्याला शनिवारी कुणीतरी सांगितलेलं असतं की 'जाऊन ये.' माउथ पब्लिसिटी बंद पडली की भक्त एकटे उरतात आणि भक्तांच्या जिवावर तीस पडदे चालत नाहीत.

ती का बंद पडली याचं एक उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलं. 'द मार्व्हल्स' १० नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत लागला. रविवारी लक्ष्मीपूजन, आणि त्याच दिवशी 'टायगर ३' येणार होता. वर्ल्ड कपचे सामने चालू होते ते वेगळंच. शनिवारी मी कल्याणला काउंटरमागे उभा होतो. एक गृहस्थ आले, बरोबर दोन मुलगे, एक सातेक वर्षांचा, दुसरा बाराचा. गृहस्थांनी पोस्टरकडे बघून विचारलं, "याच्या आधीचं काही बघायला लागतं का?" काउंटरवरची मुलगी काही बोलायच्या आत मोठा मुलगा बोटांवर मोजायला लागला: "बाबा, आधी कॅप्टन मार्व्हल. मग वांडाची सिरीयल, त्यात ती मोनिका येते. मग मिस मार्व्हलची सिरीयल. आणि ती निक फ्यूरीची पण आहे, पण ती नाही बघितली तरी चालेल." बाबा चौथ्या बोटापर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "मग उद्या पूजा झाली की टायगरलाच येऊ." धाकट्याने भोंगा पसरला, त्याला पॉपकॉर्न घेऊन दिला आणि तिघे गेले. त्या दिवशी पॉपकॉर्नचं तरी बिल झालं.

सिनेमा बघायला गृहपाठ लागायला लागला की घरातला तिकिटं काढणारा माणूस गळतो. पोरगं भक्त असतं, पण पाकीट बापाच्या खिशात असतं. पूर्वीही मार्व्हलचे सिनेमे एकमेकांना जोडलेले होतेच. पण 'थॉर' न बघता 'अ‍ॅव्हेंजर्स' कळत होता. पहिल्या दहा मिनिटांत कोण चांगला, कोण वाईट आणि भांडण कशाचं आहे हे आमच्या लायटिंगवाल्यालाही समजायचं.

दुसरं, मरण स्वस्त झालं. मल्टिव्हर्स नावाची जी सोय त्यांनी काढली तिच्यामुळे मेलेला माणूस शेजारच्या विश्वातून परत आणता येतो. थॉरच्या भावाला, लोकीला, २०१८ मध्ये मारला, २०२१ मध्ये त्याची स्वतःची मालिका आली. आपल्याकडे मालिकांमध्ये प्लास्टिक सर्जरी करून मेलेला नवरा परत येतो, त्याला आपण हसतो. इथे तेच, फक्त शेकडो कोटींच्या खर्चात. मग पुढच्या सिनेमात कोणी मेलं तर पहाटे सहाला जिना उतरताना रडणार कोण?

आता ओटीटी. तुमच्या यादीत ते तिसरं आहे, बरेच जण ते पहिलं सांगतात. कोविडच्या आधी हॉलिवूडचा सिनेमा थिएटरनंतर साधारण तीन महिने घरी येत नव्हता. २०२१ मध्ये वॉर्नर स्टुडिओने अमेरिकेत त्या वर्षीचे सगळे सिनेमे थिएटरच्याच दिवशी ओटीटीवर टाकले. डिस्नेने 'ब्लॅक विडो' जादा पैसे घेऊन त्याच दिवशी घरी दाखवला आणि त्यातली नायिका स्कार्लेट जोहान्सन हिने डिस्नेला त्यावरून कोर्टात खेचलं. पुढे ते आपसात मिटलं, पण प्रेक्षकाला मिळायचा तो धडा मिळाला: थांबलं तर घरी येतं. आपल्याकडे तर 'ब्लॅक विडो' थिएटरात आलाच नाही, थेट ओटीटीवर आला. महाराष्ट्रातली थिएटरं तेव्हा बंदच होती, २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. हे सगळं खरं, पण ओटीटी सगळ्याच सिनेमांना आहे. 'ओपेनहायमर' तीन तासांचा, त्यात माणसं खोलीत बसून बोलतात, आणि त्याचे आमच्याकडे सकाळचे शोही भरले. २०२५ च्या जूनमध्ये आलेला 'एफ वन' ना कॉमिकमधला, ना कशाचा पुढचा भाग. जुलैत आलेल्या 'सुपरमॅन'पेक्षा भारतात तो जास्त चालला. म्हणून ओटीटीला मी सरसकट गुन्हेगार म्हणत नाही. 'थांबू या' असं लोकांना ज्या सिनेमांबद्दल वाटतं, तेवढेच ते खातं.

व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं, वाईट झालं असंही बरेच जण म्हणतात. माझा एक मावसभाऊ मुंबईत या कामात आहे, रोटो-पेंट करतो. म्हणजे फ्रेममागून फ्रेम माणसाची कड कापून काढायची. हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमांचं हे काम गेली कित्येक वर्षं मुंबई, बंगळुरू, हैदराबाद, चेन्नईतल्या पोरांच्या बोटांखालून जातंय. त्याचं रडगाणं एकच: "दादा, शॉट पूर्ण होतो आणि वरून निरोप येतो की हिरोचा सूट बदललाय." सिनेमाचा शेवट काय आहे हे रिलीजच्या दोन महिने आधी ठरत असेल तर त्याचं ओझं पडणार ते या पोरांच्या रात्रींवर. २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी अमेरिकेत एकमताने युनियन केली ती उगाच नाही. पण प्रेक्षक वाईट व्हीएफएक्समुळे पळाला असं मला वाटत नाही. खिडकीवर वीस वर्षांत मला एकानेही ते विचारलेलं नाही. २०२४ चा तेलुगू 'हनुमान' चाळीसेक कोटी रुपयांत झाला होता. त्या पैशात मार्व्हलची दहा मिनिटंही होत नाहीत. लोक तो बघायला आले.

चीनचं थोडक्यात. 'एंडगेम'ने एकट्या चीनमध्ये ६० कोटी डॉलरच्या वर केले होते. त्यानंतर २०१९ च्या मध्यापासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत मार्व्हलच्या सिनेमांना तिथे दारच बंद होतं. दार उघडलं तेव्हा तिथला प्रेक्षक आपल्या देशातल्या सिनेमांना लागलेला होता. ज्या बजेटचा हिशेब चीन धरून मांडलेला असतो, त्यातून चीन वजा केला की उरतो तो खड्डा.

'सुपरहिरो संपले' असं सरसकट म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न असतो: 'एंडगेम'नंतर या मंडळींचे जे सिनेमे दणकून चालले त्यांतले तीन आठवतात का? डिसेंबर २०२१ चा 'स्पायडरमॅन: नो वे होम'. मे २०२३ चा तिसरा 'गार्डियन्स', ८४ कोटी डॉलर. जुलै २०२४ चा 'डेडपूल अँड वुल्व्हरिन', १३३ कोटी. आता हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. पहिल्यात जुने दोन स्पायडरमॅन परत आले, त्यांचं अर्धवट राहिलेलं पुरं झालं आणि तिसऱ्याचं जुनं आयुष्य संपलं. दुसरा म्हणजे एका टोळीचा निरोप, दिग्दर्शकाचाही, कारण जेम्स गन तिथून डीसीकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिसरा तर उघडउघड फॉक्स कंपनीच्या जुन्या सिनेमांचं तेरावं होतं, हसत खेळत घातलेलं. तिन्ही शेवट आहेत. लोक शेवटाला येतात. शेवट चुकला तर चुकला, पुन्हा मिळत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात येतात आणि दुसऱ्यांदा बघायलाही येतात. उलट ज्या सिनेमाच्या श्रेयनामावलीनंतर नवा माणूस येऊन 'खरी गोष्ट आता सुरू होणार' असं सांगतो, त्यात प्रेक्षकाला आत्ता येऊन काय मिळालं? नेमक्या त्याच तुकड्यासाठी लोक पूर्वी खुर्चीत बसून राहायचे आणि आमचे सफाईवाले झाडू घेऊन दारात खोळंबायचे. आता नावं सुरू झाली की अर्धं थिएटर उठलेलं असतं. ऑडीत, म्हणजे थिएटरच्या हॉलात, दिवे लागायच्या वेळी किती जण बसलेत, हा माझा खाजगी मापदंड आहे. कुठल्याही परीक्षणापेक्षा मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

या सिद्धांताला आडवा जाणारा एक सिनेमा आहे, तो लपवत नाही. २०२५ चा 'सुपरमॅन' ही सुरुवात होती, शेवट नव्हे, आणि त्याने ६१ कोटी डॉलर केले. वाईट नाही. पण त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या उत्तर अमेरिकेतली. तिकडे सुपरमॅन हा घरचा देव आहे. आपल्याकडे तो पाहुणा, आणि पाहुण्याचा मुक्काम बेताचाच झाला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली, ती अमेरिकेतल्या चर्चेत येत नाही. 'नो वे होम' १६ डिसेंबर २०२१ ला लागला, दुसऱ्याच दिवशी 'पुष्पा'. महाराष्ट्रात तेव्हा निम्म्याच खुर्च्या विकायची परवानगी होती. मी हिंदी 'पुष्पा'ला एकेका ठिकाणी दोन शो दिले, तेही कुणी बघणार नाही अशा वेळांना. आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. नाताळ उलटेपर्यंत लोक फोन करून 'पुष्पाचा संध्याकाळचा नाही का?' विचारत होते. पुढे मार्चमध्ये 'आरआरआर', एप्रिलमध्ये दुसरा 'केजीएफ'. एकटा माणूस पन्नास जणांना लोळवतो, पडद्यावर आला की शिट्टी पडते, हे काम आता दक्षिणेतला नायक डब होऊन करायला लागला होता. त्याला गृहपाठ लागत नव्हता. सुपरहिरोची भूक होती तिथेच होती, ताट बदललं.

त्याचा कळस मला २५ जुलै २०२५ च्या शुक्रवारी बघायला मिळाला. एकाच दिवशी दोन सिनेमे: 'फँटॅस्टिक फोर' आणि 'महावतार नरसिंह'. पहिला मार्व्हलचा, दुसरा आपल्याकडचा अ‍ॅनिमेशनपट, ज्यात एकही नट नाही. शिवाय आधीच्या आठवड्यातला 'सैयारा' पडदे अडवून बसलेला. मी मोठे पडदे 'फँटॅस्टिक फोर'ला दिले, 'नरसिंह'ला ठाण्यात मिळून मोजून चार शो. पहिल्या दिवशी देशभरात त्याचं कलेक्शन दोन कोटींच्याही खाली होतं, म्हणजे मी बरोबर होतो. रविवारी दुपारी नाशिकच्या मॅनेजरचा फोन: "सर, लोक दारात चपला काढून आत जातायत. बायका आरतीचं तबक आणू का विचारतायत. शो वाढवा." सोमवारी मी 'फँटॅस्टिक फोर'चे शो काढून 'नरसिंह'ला दिले, आणि त्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरच्या माणसाने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'नरसिंह' देशात अडीचशे कोटींच्या आसपास जाऊन थांबला. खांबातून देव कधी बाहेर येणार हे थिएटरातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. तरी त्या क्षणाला सगळी ऑडी उभी राहत होती.

पुढच्याच महिन्यात मल्याळममध्ये 'लोका' आला, केरळच्या यक्षीच्या कथेवरून उभी केलेली सुपरहिरोईन, आणि तो त्या भाषेतला सर्वात जास्त कमाईचा सिनेमा झाला. तेव्हा 'शक्ती असलेली माणसं बघायचा लोकांना कंटाळा आला' हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये.

कंटाळ्याबद्दल जाता जाता. अशा उतरणी काही नवीन नाहीत. १९८७ च्या चौथ्या 'सुपरमॅन'ने अशी माती खाल्ली की पुढचा यायला एकोणीस वर्षं लागली. १९९७ चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' पडला, आठ वर्षं वटवाघूळ दिसलं नाही. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? १९९१ मध्ये 'माहेरची साडी'ने बायकांना रडवून थिएटरं भरली. मग प्रत्येकाने छळणारी सासू आणि सोसणारी सून घेऊन सिनेमे काढले, आणि दशक संपेपर्यंत मराठी सिनेमाला पडदा मिळेना. मी खिडकीवर लागलो तेव्हा जुने बुकिंग क्लार्क त्याच्या गोष्टी सांगायचे. एक चालला की दहा त्याच साच्यातले काढायचे, हे लॉस एंजेलिसवाल्यांना शिकवायला कुणी कोल्हापूरहून जायची गरज नव्हती.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, आम्ही मोठे झालो का? झालात. २००८ मध्ये 'आयर्न मॅन' बघायला आलेला बारा वर्षांचा मुलगा आज तिशीत आहे, त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे आणि रात्री तीनला तो उठलाच तर बाळाच्या दुधासाठी. त्यात गैर काही नाही. आमची काळजी वेगळी होती: आजचा बारा वर्षांचा मुलगा कुठे आहे? मार्व्हलच्या शोला तो बापाबरोबर यायचा, बापाच्या आवडीला. त्याचा स्वतःचा सिनेमा कोणता, हे मला बराच काळ कळत नव्हतं. २०२३ मध्ये 'स्पायडर-व्हर्स'चा दुसरा भाग भारतात दहा भाषांत आला, मराठीतही आला. मी हौसेने मराठीचे शो लावले. नातवंडांना घेऊन चार आजी-आजोबा आले, आणि पोरं म्हणाली, आम्हाला इंग्लिशच हवा. तेही उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं १२ सप्टेंबर २०२५ ला. 'डीमन स्लेयर' नावाचा जपानी अ‍ॅनिमेपट येणार होता. ऑफिसात एकोणीस वर्षांची एक इंटर्न मुलगी होती, ती आठवडाभर माझ्या मागे लागली, "सर, पहाटेचा शो लावा." मी म्हटलं, पहाटेचे शो 'एंडगेम'बरोबर गेले. तिच्या हट्टाखातर ठाण्याला सकाळी सहाचा एक लावला. दोन तासांत भरला. मग दुसरा लावला. त्या शुक्रवारी मी स्वतः साडेपाचला जाऊन उभा राहिलो. हिरव्या-काळ्या चौकटीचे झगे घातलेली पोरं, कमरेला थर्माकोलच्या तलवारी, सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत: "काका, खरी नाहीये." सिक्युरिटीवाला तोच, 'एंडगेम'वाला.

आता गंमत बघा. या सिनेमाला तर गृहपाठ मार्व्हलपेक्षा जास्त. त्याच्या आधी मालिकेचे सगळे सीझन बघावे लागतात. शिवाय मूळ चित्रकथा केव्हाच संपलेली, कोण मरणार हे त्या पोरांना पाठ होतं. म्हणजे माझा गृहपाठाचा मुद्दा आणि 'शेवट सांगू नये' हा आमचा बोर्ड, दोन्ही इथे उताणे पडतात. मी त्या इंटर्नला विचारलं, तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहाटे उठून का आलात? ती म्हणाली, "सर, शेवट सुरू झालाय ना."

मार्व्हल आता त्याच माणसाला परत आणतंय ज्याला मारून त्यांनी शेवट केला होता. रॉबर्ट डाउनी ज्युनियर, पण या वेळी डॉक्टर डूम या खलनायकाच्या मुखवट्यात. नव्या 'अ‍ॅव्हेंजर्स'साठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे आणि त्याच दिवसावर तिसऱ्या 'ड्यून'नेही बोट ठेवलंय. पहिला आठवडा भरेल, यात मला शंका नाही. पहाटेचा शोही लावेन. पण दुसऱ्या सोमवारचं शेड्यूल मी आत्ता कुणालाही लिहून देणार नाही, मग समोरून कितीही वरच्या साहेबाचा फोन येवो. तुमच्या अकरा जणांच्या ग्रुपवर तेव्हा विषय निघाला तर मला कळवा. तीन रिक्षा लागणार असतील तर एक शो वाढवतो.